हाँगकाँगहून आलेले पितळी कुलूप आणि दाराच्या सामानाची कँटोनीज नावे

खाडीकाठचा (दापोली) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या जुन्या घराची दुरुस्ती सध्या चालू आहे. जांभ्याच्या भिंती शाबूत आहेत, परंतु फणसाच्या लाकडाची दोन दारे वाळवीने पोखरल्यामुळे उतरवावी लागली. सुतार काम करत असताना माझ्या लक्षात आले की दारावरच्या प्रत्येक वस्तूचे नाव त्याच्या जिभेवर आहे आणि मला मात्र ‘ते’ आणि ‘हे’ यापलीकडे काही म्हणता येत नाही. म्हणून मी एक वही केली आणि तिच्यात कडी, कोयंडा, अडसर, खिटी, बिजागरी, चौकट, गणेशपट्टी अशी नावे चित्रांसह उतरवू लागलो.

प्रश्न मात्र निराळ्याच नावांविषयी आहे. माझे चुलत आजोबा मालवाहू जहाजावर खलाशी होते आणि त्यांची जहाजे हाँगकाँगला लागत असत. माळ्यावरच्या त्यांच्या पेटाऱ्यात एक पितळी कुलूप सापडले. ते आपल्याकडच्या कुलपासारखे मुळीच नाही. आडवी, लांबट पेटी, तिच्या वरच्या अंगाला समांतर जाणारा दांडा, आणि किल्ली म्हणजे टोकाशी दोन चौकोनी भोके असलेली चपटी पट्टी. बाजारातल्या एका किल्लीवाल्याने ती भोकात घालून जोर लावून फिरवली. कुलूप उघडले नाहीच, पण किल्लीचे टोक वाकले.

कुलपाबरोबर एक कागद होता. त्यावर आजोबांच्या बाळबोध अक्षरात पाच शब्द आहेत: ‘सो. सो सी. मुन सान. मुन वान. थोंग लुंग.’ पहिल्या शब्दापुढे त्यांनी कुलपाचे चित्र काढले आहे. बाकीच्यांपुढे काहीच नाही. ही कँटोनीज, म्हणजे हाँगकाँगकडे बोलल्या जाणाऱ्या चिनी भाषेतली, नावे असावीत असा माझा तर्क आहे. या शब्दांचे अर्थ काय, आणि माझ्या वहीतील मराठी नावांसमोर ती एकास एक मांडता येतील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. कुलूप कसे उघडायचे हे कोणाला ठाऊक असेल तर तेही सांगावे.

इंजिनखोलीतला (रत्नागिरी) यांचे उत्तर

तुमच्या आजोबांनी लिहिलेले शब्द कँटोनीजच आहेत. नोकरीच्या काळात जहाज दुरुस्तीसाठी हाँगकाँगला थांबले की गोदीतल्या कामगारांकडून यांतले काही शब्द मीही कानावाटे उचलले होते.

आधी कुलपाविषयी सांगतो, कारण किल्ली आणखी वाकण्याची भीती आहे. ही किल्ली फिरवायची नसतेच, ती सरळ आत ढकलायची असते. कुलपाचे दोन भाग असतात. एक पोकळ पेटी आणि दुसरा तिच्यात सरकणारा दांडा. दांड्याच्या आतल्या टोकाला पितळेच्या पातळ, लवचीक पट्ट्या एका अंगाने बसवलेल्या असतात आणि दुसऱ्या अंगाने त्या मोकळ्या, फाकलेल्या असतात. कुलूप लावताना दांडा पेटीत ढकलला की त्या पट्ट्या दबून आत शिरतात, आत गेल्यावर पुन्हा फाकतात आणि मग मागे येताना पेटीच्या भिंतीला अडतात. आपली जुनी लांब दांड्याची छत्री मिटताना दांड्यावरची छोटी पट्टी अंगठ्याने आत दाबावी लागते, ती दाबल्याशिवाय छत्री खाली सरकत नाही. तत्त्व तेच आहे. किल्लीच्या टोकावरची दोन भोके त्या पट्ट्यांवरून सरकतात, त्यांना आवळून धरतात आणि दांडा समोरच्या बाजूने बाहेर पडतो. भोकांची संख्या आणि जागा ही आतल्या पट्ट्यांच्या मांडणीवर ठरते. तेव्हा किल्लीचे टोक लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सरळ करा, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी सरळ रेषेत ढकला. खोबरेल तेल मात्र घालू नका. थंडीत ते थिजते आणि धूळ धरून ठेवते. पितळ चिंचेने घासून चकचकीत करण्याचा मोहही आवरा, असे माझे मत आहे.

या आडव्या कुलपाला ‘क्वाँग सो’ म्हणतात. ‘क्वाँग’ म्हणजे रुंद किंवा विस्तृत. याच अक्षराने क्वांगतुंग प्रांताचे नावही लिहिले जाते, परंतु तेवढ्यावरून कुलूप त्या प्रांतातले असे ठरवू नये.

आता कागदावरचे शब्द. ‘सो’ म्हणजे कुलूप, आणि कुलूप लावणे ही क्रियाही ‘सो’च. ‘सो सी’ म्हणजे किल्ली. यातल्या ‘सी’चे अक्षर आणि चमच्याचे अक्षर एकच आहे, मात्र चमच्यासाठी ते वाचताना उच्चार बदलतो. किल्ली आणि चमचा एका अक्षरात का बसावेत, हे तुमची चपटी, लांब दांड्याची किल्ली हातात धरली की आपोआप पटते. आधुनिक दारातल्या कुलपाच्या आतल्या नळकांड्याला हाँगकाँगमध्ये ‘सो ताम’ म्हणतात, म्हणजे कुलपाचे पित्ताशय! विजेच्या दिव्यालाही तिथे दिव्याचे पित्ताशयच म्हणतात, आणि दोन प्रेमिकांच्या मध्ये लुडबुडणाऱ्या तिसऱ्या माणसाला थट्टेने तेच नाव देतात.

एक सावधगिरी. कँटोनीजमध्ये सहा स्वर, म्हणजे आवाजाचे चढउतार, मानले जातात आणि स्वर चुकला की शब्दच बदलतो. ‘सो’ खालून वर चढवत उच्चारला तर कुलूप, उंच आणि सपाट ठेवला तर फणी, आणि खाली उतरवला तर वेडपट. मी एकदा दुकानात कुलूप मागायला गेलो आणि दुकानदार बराच वेळ हसत राहिला. त्याचे कारण मला पुढच्या फेरीत कळले.

काजूवाला (वेंगुर्ले) यांचे उत्तर

‘थोंग लुंग’ हा शब्द वाचून फार आनंद झाला, कारण ती वस्तू मी डोळ्यांनी पाहिली आहे. दक्षिण चीनमधल्या क्वांगचौ शहरात १९५७ पासून वर्षातून दोनदा मोठा व्यापारी मेळा भरतो. काजू फोडण्याची यंत्रे पाहण्यासाठी मी तिथे गेलो होतो आणि एक मोकळी दुपार ‘साइ क्वान’ नावाच्या जुन्या वस्तीत घालवली. तिथल्या सधन व्यापाऱ्यांच्या घरांना पुढच्या बाजूस एकामागे एक तीन दारे असतात आणि त्यांना मिळून ‘तीन नगांचा संच’ अशा अर्थाचे नाव आहे.

सर्वांत बाहेर असते ते कमरेपेक्षा थोडे उंच, दुमडणारे, नक्षीदार झडपांचे हलके दार. रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर ते अडवते आणि वरून वारा येऊ देते. सर्वांत आत असते ते ‘ताइ मुन’, म्हणजे मोठे दार. ते जाड, भारी लाकडाचे असते आणि चांगल्या घरांत त्यासाठी ज्या लाकडाचे नाव घेतात ते बोर्निओ बेटावरच्या पोंतियानाक या बंदराच्या नावाने ओळखले जाते. आपल्याकडे जशी मलबारी सागाची प्रतिष्ठा, तशीच ही म्हणायला हरकत नाही.

या दोघांच्या मध्ये जे असते ते थोंग लुंग. उभ्या गजांऐवजी आडव्या गोल लाकडी दांड्यांची एक मोठी चौकट असते आणि ती एका बाजूला सरकते. ‘थोंग’ म्हणजे सरकवणे. सरकत्या कोणत्याही दाराला ‘थोंग मुन’ म्हणतात. ‘लुंग’ म्हणजे गजांचा पिंजरा. दिवसा मोठे दार सताड उघडे ठेवून केवळ थोंग लुंग ओढून घेतात, त्यामुळे घरात वारा खेळतो, आतला माणूस बाहेरचे पाहू शकतो आणि चोराला मात्र शिरता येत नाही. दांड्यांची संख्या नेहमी विषम ठेवतात, बहुधा तेरा, पंधरा किंवा सतरा, कारण सम संख्या अशुभ मानली जाते. मी ज्या दारासमोर उभा होतो त्याचे दांडे मोजले, तेरा भरले. मधल्या तीन दांड्यांना हाताच्या उंचीवर अशी काळपट तकाकी आली होती, जशी आपल्या ओटीच्या खांबाला पाठ टेकून टेकून येते.

ही व्यवस्था उष्ण, दमट हवेची आहे, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. हाँगकाँगमध्ये वर्षाला सुमारे २४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि रत्नागिरी जिल्ह्यात त्याहूनही अधिक. आपल्या पडवीला लाकडी गज लावतात ते याच कारणाने. परंतु आपले गज उभे आणि जागचे न हलणारे; थोंग लुंग आडवे आणि सरकते. म्हणून वहीत त्याच्यासमोर ‘गज’ लिहिलेत तर ते अर्धेच बरोबर होईल. माझी सूचना अशी की वस्तू कशी दिसते यावरून जोडी लावू नये, ती काय काम करते यावरून लावावी, आणि जोडी जमत नसेल तर समोरची जागा सरळ कोरी ठेवावी.

अक्षरओळख (चिपळूण) यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. मी काही वर्षे कँटोनीजचा अभ्यास करते आहे, म्हणून ‘मुन सान’विषयी आणि तुमच्या आजोबांच्या कानाविषयी थोडे लिहिते.

‘मुन’ म्हणजे दार, आणि त्याचे अक्षर म्हणजे समोरासमोरच्या दोन फळ्यांचे चित्र. एकाच फळीच्या दाराचे अक्षर वेगळे आहे आणि ते ‘वू’ असे वाचतात. आता ‘मुन’च्या चित्रात दोन फळ्यांच्या मधोमध एक आडवी रेघ ओढा, झाले ‘सान’चे अक्षर. ती रेघ म्हणजे आपला अडसर. तुमच्या सुताराला ते अक्षर नुसते दाखवलेत तरी तो अर्थ सांगेल. ‘मुन सान’ म्हणजे दाराचा अडसर. उघडणे या अर्थी ‘होइ’ हे क्रियापद आहे आणि त्याच्या प्राचीन अक्षररूपात दाराच्या आत हाच दांडा आणि तो उचलणारे दोन हात दाखवलेले आहेत.

कँटोनीजची खरी गंमत पुढे आहे. बीजिंगच्या भाषेत दार बंद करण्यासाठी दुसरे क्रियापद वापरतात, आणि ‘सान’चे भावंड तिथे मुख्यतः अडसर या वस्तूपुरते उरले आहे. कँटोनीज बोलणारा माणूस मात्र रोजच्या बोलण्यात ‘सान मुन’ असेच म्हणतो, म्हणजे ‘दाराला अडसर घाल’. एकविसाव्या मजल्यावरच्या सदनिकेत अडसर कुठला असणार? तरीही खिडकी बंद करायची ती ‘सान’, आणि पाण्याचा नळ बंद करायचा तोही ‘सान’च. (डोंगराला म्हणतात तो ‘सान’ही स्वरासकट हुबेहूब असाच उच्चारतात, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.)

आपल्याकडे हे कसे आहे ते पाहा. आपण दार लावतो, लोटतो, ओढून घेतो, पुढे करतो, त्याला कडी घालतो, अडसर घालतो, कुलूप लावतो. ‘दार पुढे कर’ म्हटले तर कडी घालायची नसते, एवढे माझ्या आजीच्या घरातल्या चार वर्षांच्या मुलालाही कळते. वस्तूचे नाव आणि क्रियापद आपण वेगवेगळे ठेवले. त्यामुळे तुमच्या वहीत नामांशेजारी क्रियापदांचाही रकाना हवा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. तो नसेल तर ‘सान’ नेमका कुठे बसवायचा हा प्रश्न सुटणार नाही.

आजोबांच्या लेखनाविषयी. हाँगकाँगच्या रस्त्यांवरील पाट्यांच्या रोमन लिपीत त आणि थ, क आणि ख यांतला भेद दिसत नाही, पण कँटोनीज कानाला तो फार महत्त्वाचा असतो. देवनागरीत तो सहज दाखवता येतो. आजोबांनी ‘तोंग’ न लिहिता ‘थोंग’ लिहिले, ते अचूक आहे. त्याच न्यायाने दाराच्या बिजागरीला ‘मुन काऊ’ आणि दाराच्या छोट्या आकड्याला किंवा खटक्याला ‘मुन खौ’ असे लिहावे लागेल. हा ‘काऊ’ कात्रीच्या नावातही येतो, कारण दोन पाती एका खिळ्यावर उघडतात आणि मिटतात. जुन्या मोठ्या दारांना मात्र पत्र्याच्या बिजागऱ्या नसतातच. फळीच्याच कडेला वरखाली खुंटा सोडलेला असतो आणि तो दगडाच्या किंवा लाकडाच्या खळग्यात फिरतो. आपल्या किल्ल्यांच्या आणि वाड्यांच्या दरवाजांतही हेच दिसते.

लोखंडी जाळीच्या दाराला ‘थित चाप’ म्हणतात आणि त्यातला च आपल्या ‘चमचा’मधल्यासारखा दंत्य उच्चारायचा. इथे एक इशारा द्यायला हवा. आपल्याकडेही अडकवून ठेवणाऱ्या वस्तूला चाप म्हणतात, तेव्हा दोन्ही शब्द एकच असे म्हणण्याचा मोह होईल, परंतु हा निव्वळ योगायोग आहे. दारावरचे आपले शब्द कुठून आले हे पाहायचे असेल तर वाटा निराळ्या आहेत: आगळ ही संस्कृत अर्गलेपासून आली, कुलूप अरबी ‘कुफ्ल’पासून फारसीमार्गे आले, आणि चावी पोर्तुगिजांकडून. ज्या पोर्तुगिजांनी १५३४ मध्ये वसई घेतली त्यांनीच १५५७ च्या सुमारास मकावमध्ये वस्ती केली. त्यांचा किल्लीसाठीचा शब्द आपण उचलला. कँटोनीज माणूस मात्र ‘सो सी’वरच राहिला.

खाडीकाठचा (दापोली)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. कुलूप उघडले. इंजिनखोलीतला यांनी सांगितल्याप्रमाणे किल्ली सरळ केली, तेल सोडले, आणि काल सकाळी ढकलल्यावर आधी काहीच झाले नाही. मग ‘टक्’ असा बारीक आवाज होऊन दांडा बोटभर बाहेर आला. त्याच्या टोकावरच्या पट्ट्या दोन आहेत आणि त्यांपैकी एक टोकाशी थोडी चिरलेली आहे. माझी आत्या शेजारी उभी होती. तिने ते पाहून ‘ही तर पडक्या छत्रीची काडी’ असे म्हटले, तेव्हा वरची छत्रीची उपमा तिला मुद्दाम वाचून दाखवली.

वहीत क्रियापदांचा रकाना आखला आहे. आता एकच शब्द राहिला: ‘मुन वान’. तेवढा कोणी सांगेल का?

इंजिनखोलीतला (रत्नागिरी)

चिरलेल्या पट्टीला डाग देण्याच्या भरीस पडू नका. उष्णतेने तिचा ताठपणा जातो. कुलूप आता लावून ठेवण्याऐवजी उघडेच ठेवावे हे बरे.

‘वान’ म्हणजे कडे, आणि ‘मुन वान’ म्हणजे दारावरचे कडे, जे धरून दार ओढतात आणि आपटून आतल्यांना हाक देतात. या एका शब्दासमोर मात्र तुम्ही बेधडक ‘कडी’ लिहू शकता, कारण कडी म्हणजे मुळात छोटे कडेच, आणि घंटा आली तरी ‘कडी वाजवली’ हा प्रयोग आपल्याकडे गेलेला नाही. श्रीमंतांच्या आणि देवळांच्या दारांवर हे कडे एका श्वापदाच्या तोंडात दिलेले असते. अशा मुखवट्यांचा उल्लेख हान राजवटीच्या इतिहासग्रंथातही आहे. पुढे मिंग काळात लोकांनी ते श्वापद म्हणजे ड्रॅगनच्या नऊ पुत्रांपैकी एक, असे सांगायला सुरुवात केली. त्याचा स्वभाव शंखशिंपल्यासारखा, स्वतःला मिटून घेण्याचा, म्हणून त्याला दारावर नेमले. कालवे आणि तिसऱ्या काढणाऱ्या आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला ही नेमणूक एकदम पटावी.

हाँगकाँगच्या काम तिन भागातील ‘कत हिंग वाइ’ या तटबंदीच्या गावाचे प्रवेशद्वार पाहण्याचा योग मला एकदा आला होता. त्याचे लोखंडी दार पत्र्याचे किंवा गजांचे नसून एकमेकांत अडकवलेल्या कड्यांचे आहे आणि त्याच्या नावात हाच ‘वान’ येतो: ‘लिन वान थित मुन’, जोडकड्यांचे लोखंडी दार. १८९९ मध्ये इंग्रजांनी त्या प्रदेशाचा ताबा घेताना गावकऱ्यांनी प्रतिकार केला, तेव्हा दाराच्या झडपा काढून नेण्यात आल्या आणि त्या आयर्लंडला पोचल्या. १९२५ मध्ये त्या परत मिळाल्या खऱ्या, पण दोन झडपांची घडण जुळत नाही, कारण त्यांतली एक शेजारच्या दुसऱ्या गावाची आहे. गावकऱ्यांनी त्या तशाच बसवल्या. डाव्या आणि उजव्या झडपेच्या कड्यांचा आकार वेगळा आहे हे समोर उभे राहून दिसते.

खाडीकाठचा (दापोली)

‘मुन वान’समोर ‘कडी’ लिहिले, ‘मुन सान’समोर ‘अडसर’, आणि ‘थोंग लुंग’समोरची जागा कोरी ठेवली आहे. सुताराला दोन फळ्यांच्या मधल्या आडव्या रेघेचे अक्षर काढून दाखवले. त्याने पेन्सिल घेतली, रेघेची दोन्ही टोके फळ्यांच्या बाहेर वाढवली आणि म्हणाला, ‘अडसर भिंतीत गेला पाहिजे, नाहीतर तो धरणार कशाला?’